व्रान्ये: ट्रंपेट ऐकायला दक्षिण सर्बियात

सर्बियाचा ब्रास बँड ऐकायचा म्हटलं की सगळे गुचाचं नाव घेतात. पश्चिम सर्बियातल्या त्या लहानशा गावात 1961 पासून ट्रंपेटचा मेळा भरतो, ऑगस्टमध्ये तिथे पाय ठेवायला जागा नसते. मेळा बघण्यासारखा आहेच. पण तिथे नाव काढणारे कितीतरी बँड येतात ते दक्षिणेकडून. म्हणून माझं सांगणं सरळ आहे: एकाच ठिकाणापुरता वेळ असेल तर व्रान्ये गाठा. मेळ्यात बँड परीक्षकांसाठी वाजतो. इथे लग्नघरासाठी वाजतो, आणि हा फरक पहिल्या पाच मिनिटांत कानाला कळतो.

बेलग्रेडहून व्रान्ये साधारण साडेतीनशे किलोमीटर. बस घ्या. निश शहरामार्गे येणारा महामार्ग ग्रदेलित्साच्या अरुंद घळईतून जातो, आणि ती संपली की दक्षिण मोरावा नदीचं खोरं एकदम मोकळं होतं. गाव प्ल्याच्कोवित्सा डोंगराच्या पायथ्याशी चढत गेलेलं. बेलग्रेड ते ग्रीसमधलं थेस्सालोनिकी हा जुना व्यापारी रस्ता याच खोऱ्यातून जातो. 1878 पर्यंत इथे तुर्कांची सत्ता होती, त्यानंतर 1912 पर्यंत हे सर्बियाच्या सीमेवरचं गाव होतं. त्यामुळे बाजारपेठेत, खाण्यात, गाण्यात तुर्की वळण अजून टिकून आहे. सध्याचं व्रान्ये मात्र फर्निचर, कापड आणि तंबाखूच्या कारखान्यांवर वाढलेलं, मधल्या भागात बऱ्यापैकी सिमेंटी आहे. ते बघून हिरमुसू नका.

बघायच्या जागा एका सकाळीत पायी होतात. 1765 मधला पाशाचा वाडा, 1844 चा पांढरा पूल (त्याच्याभोवती तुर्क मुलगी आणि सर्ब मुलगा यांच्या प्रेमाची दंतकथा आहे), आणि बाबा झ्लाताच्या (सर्बियनमध्ये ‘बाबा’ म्हणजे आजी) गल्लीतलं बोरिसाव स्तान्कोविच यांचं घर. हे घर चुकवू नका. आजीने वाढवलेल्या या लेखकाने व्रान्येची बोली थेट साहित्यात आणली. त्यांच्या ‘कोश्ताना’ या नाटकात एक रोमा (युरोपात ‘जिप्सी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या समाजातली) गायिका साऱ्या गावाला वेड लावते. 1900 मध्ये ते रंगमंचावर आलं आणि 1931 मध्ये पेतार कोन्योविच यांनी त्याचा ऑपेरा केला. एका रोमा मुलीचं गाणं या गावाची ओळख ठरलं, ते या नाटकामुळे.

रोमा वस्ती, म्हणजे इथली महाला, हेच व्रान्येच्या संगीताचं घर. बाकिया बाकिच यांच्यासारखे नामवंत ट्रंपेटवादक याच समाजातले. कला बापाकडून मुलाकडे जाते, बरेचसे कानानेच शिकतात. रोमांचे पूर्वज हजारेक वर्षांपूर्वी उत्तर भारतातून निघाले हे भाषेच्या अभ्यासातून सिद्ध झालेलं आहे, आणि वस्तीत ते सगळ्यांना ठाऊक असतं. भारतातून आलो म्हटल्यावर माझ्यापुढे आधी खुर्ची आली, मग कॉफी.

तिथल्या अंगणात मी तालीम ऐकली. पुढे फ्लुगलहॉर्न (ट्रंपेटचाच मऊ आवाजाचा भाऊ), मागे साथीचे सूर धरून ठेवणारे टेनर हॉर्न, खांद्याभोवती वेटोळं घातलेला हेलिकॉन हा खर्जातला मोठा कर्णा, आणि गोच नावाचा मोठा ढोल. गोच वाजवणाऱ्याच्या उजव्या हातात जाड टिपरू होतं, डाव्यात बारीक काडी. जाड ठोका समेचा, काडी मधल्या जागा भरायची. सात मात्रांचं गाणं सुरू झालं आणि हात आपोआप मांडीवर गेला: तीन, दोन, दोन. आपला रूपकच! मग चोचेक हा नाच आला, नऊ मात्रांचा, दोन-दोन-दोन-तीन. शेवटच्या तीनवर नाचणारा क्षणभर लांबतो आणि सगळी गंमत तिथेच आहे. तबल्याची थोडी जरी जाण असेल तरी हे मोजत बसा. पाश्चात्त्य कानांना अवघड जाणारं हे संगीत आपल्याला फार लवकर उलगडतं.

लग्नात वरमाय हातात चाळण घेऊन फेर धरते, तिच्यासाठी खास संथ चाल असते. खूश झालेले पाहुणे वादकाच्या कपाळाला नोटा चिकटवतात, ट्रंपेटच्या तोंडात खोचतात. आपल्या लावणीतल्या दौलतजाद्यासारखंच हे उघड आणि मानाचं. तेव्हा पाहुणे म्हणून गेलात तर तुम्हीही द्या. वस्तीत शिरताना ओळखीचं माणूस बरोबर असावं; हॉटेलात किंवा संग्रहालयात विचारलं तर कोणी ना कोणी सापडतं. मोबाईल काढण्याआधी परवानगी घ्या. तालीम ऐकायला बसलात तर मोबदला आधी ठरवा. ती त्यांची रोजीरोटी आहे.

उत्तम दिवस म्हणजे 6 मे, जुर्जेव्दान, म्हणजे संत जॉर्ज यांचा सण. धर्म कुठलाही असो, रोमा हा सण साजरा करतात आणि बँड पहाटेपासून रस्त्यावर असतात. ते न जमल्यास उन्हाळ्यातले शनिवार-रविवार लग्नांचे. 2019 पासून व्रान्ये युनेस्कोच्या संगीत-शहरांच्या यादीत आहे. आपलं वाराणसी आणि चेन्नईही त्याच यादीत आहेत.

शाकाहाऱ्यांनी ‘पोस्नो’ हा शब्द पाठ करावा. उपवासाचं, म्हणजे मांस, दूध, अंडी नसलेलं जेवण. मासे मात्र चालतात, तेवढं विचारून घ्या. भट्टीत शिजवलेल्या पांढऱ्या घेवड्याची प्रेब्रानात्स ही डिश पोटभर होते, भाजलेल्या मिरच्यांचा आयवार पावावर लावून खा. दहाएक किलोमीटरवर व्रान्स्का बान्या आहे. तिथल्या झऱ्याचं पाणी नव्वद अंशांच्या वर उकळत बाहेर येतं. अर्धा दिवस काढाच.

भारतीय पासपोर्टला 2023 पासून व्हिसा लागतो. शेंगेन, ब्रिटन किंवा अमेरिकेचा चालू व्हिसा असल्यास सवलत मिळते, पण निघण्याआधी दूतावासाकडून खात्री करा. खर्चाला दिनार लागतात, वस्तीत कार्ड चालत नाही. हॉटेल तुमची पोलीस नोंदणी करतं. कोणाच्या घरी राहिलात तर ती चोवीस तासांत यजमानाकडून करवून घ्या आणि कागद जपून ठेवा. कोसोवो जवळच असला तरी तिसऱ्या देशातून तिथे उतरून मग सर्बियात शिरू नका; सर्बिया कोसोवोला आपलाच भाग मानतो, त्यामुळे सीमेवर अडवतात. पुढे जायचं असेल तर उत्तर मॅसिडोनियाची राजधानी स्कोप्येची बस धरा, अंतर शंभर किलोमीटरच्या आत आहे.