प्रायमरी कुठंय?

मी पॅथॉलॉजिस्ट. बायोप्सीसोबत माझ्याकडे आलेल्या फॉर्मवर एवढंच होतं : तिशीतला पुरुष, पोटात मागच्या बाजूला कण्यालगत मोठ्या गाठी, प्रायमरी (कॅन्सर जिथं सुरू झाला ती मूळ जागा) सापडत नाही. छातीचा आणि पोटाचा स्कॅन, एन्डोस्कोपी, कोलोनोस्कोपी सगळं झालेलं.

मायक्रोस्कोपखाली कॅन्सर स्पष्ट होता. पण त्या पेशींवरून मूळ अवयव ओळखू येत नव्हता. केरॅटिन या प्रथिनाची चाचणी पॉझिटिव्ह आली, म्हणजे सहसा कार्सिनोमा, अवयवांच्या अस्तरातून निघणारा कॅन्सर. इथंच थांबून ‘मूळ अज्ञात’ लिहिणं सहज शक्य होतं.

सुईनं काढलेला तुकडा दोऱ्याएवढा असतो. प्रत्येक मार्करसाठी, म्हणजे पेशींतलं एकेक प्रथिन रंगवून शोधण्यासाठी, त्यातून नवा काप घ्यावा लागतो आणि एकदा मेणात बसवलेला तो तुकडा (ब्लॉक) संपला की संपला. म्हणून सरसकट वीस मार्कर मागवणं मला पटत नाही. आधी वय बघावं, गाठीची जागा बघावी. तरुण पुरुष आणि शरीराच्या मध्यरेषेवरची गाठ म्हटल्यावर जर्म सेल ट्यूमर (शुक्राणू किंवा स्त्रीबीज बनवणाऱ्या मूळ पेशींचा ट्यूमर) डोक्यात यायलाच हवा. उरलेले काप मी ऑक्ट-४ आणि सॉल-४ या त्याच्या मार्करसाठी राखले आणि या ट्यूमरमध्ये रक्तात वाढणाऱ्या दोन मार्करबद्दल विचारायला ऑन्कोलॉजिस्टना फोन लावला.

“सर, एएफपी आणि बीटा-एचसीजी पाठवलंय का?”

“नाही मॅडम, आत्ता पाठवतो.”

संध्याकाळी ऑक्ट-४ च्या स्लाइडवर पेशींची केंद्रकं गडद तपकिरी झालेली दिसली. रक्तातले दोन्ही मार्करही खूप वाढलेले निघाले. एम्ब्रायोनल कार्सिनोमा, जर्म सेल ट्यूमरचाच एक प्रकार! असे ट्यूमर बहुतेकदा वृषणात सुरू होतात, म्हणून मग वृषणाची सोनोग्राफी झाली. गाठ नव्हती, होता फक्त एक बारीक व्रण. मूळ ट्यूमर तिथं आपोआप विरून जातो आणि त्याच्या पेशी मात्र आधीच पसरलेल्या असतात, असं या आजारात कधीकधी घडतं.

मूळ न सापडणाऱ्या बहुतेक कॅन्सरमध्ये आयुष्य जेमतेम वर्षभराच्या आत-बाहेर असतं. हा मात्र पसरल्यावरही बरा होऊ शकतो; १९७४ साली अमेरिकन ऑन्कोलॉजिस्ट लॉरेन्स आइनहॉर्न यांनी सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध वापरायला सुरुवात केली, तेव्हापासून. तो व्रण दिसला नसता तरी ब्लिओमायसिन, इटोपोसाइड, सिस्प्लॅटिन हीच केमो द्यायची होती. केमोआधी त्याचं वीर्य गोठवून ठेवलं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

उपचार लागू पडले तर बीटा-एचसीजी साधारण दीड दिवसात निम्मं होतं, एएफपी आठवड्याभरात. केमोच्या दुसऱ्या फेरीनंतर त्याचे आकडे त्याच गतीनं उतरत होते.