ओटीवरचा झोपाळा: आमच्या भयपटाच्या आवाजाची चौथी नोंद

मागच्या नोंदीनंतर तीन आठवडे गेले. नऊ मिनिटांच्या लघुपटाचं संकलन पक्कं झालंय, आता फक्त आवाजाचं काम उरलंय आणि ते माझ्याकडे आहे. चित्रीकरण वाईजवळ मित्राच्या आजोळच्या वाड्यात झालं. गोष्ट एवढीच, की कॉलेजातली मुलगी रात्री माजघरात एकटी झोपलीय आणि ओटीवरचा झोपाळा हलतोय.

पहिल्या मिक्समध्ये मी सगळा दारूगोळा ओतला होता. खाली ४० हर्ट्झचा सतत घुमणारा खर्जातला स्वर, वर व्हायोलिनच्या किंकाळ्या आणि झोपाळा दिसला की दणका. सहा जणांना दाखवलं आणि दणक्याला सहाही जण दचकले. पण लगेच त्यातले तिघं हसले, मागे टेकून बसले आणि पुढची दोन मिनिटं निवांत बघत राहिले. दचकणं ही प्रतिक्षिप्त क्रिया आहे. मोठा आवाज झाल्यावर सेकंदाच्या विसाव्या भागातच पापणी मिटते, विचार त्यानंतर येतो. ती जितक्या झटकन येते तितक्याच झटकन ओसरते, आणि जाताना साठलेली भीतीही घेऊन जाते. दणका काढला.

४० हर्ट्झची गंमत फोनवर कळली, तिथे तो स्वर ऐकूच येत नव्हता. इतके छोटे स्पीकर तेवढं खाली जात नाहीत. मग ४० च्याच पटीतले, फोनवर ऐकू येतील असे वरचे स्वर हलके मिसळले. वरचे स्वर मिळाले की मूळ स्वर गायब असला तरी मेंदू तो स्वतः भरून काढतो. आता फोनवरही खाली काहीतरी आहे असं वाटतं.

व्हायोलिनही काढली. संगीतकार बर्नार्ड हर्मनने १९६० साली हिचकॉकच्या ‘सायको’ या भयपटाला फक्त तंतुवाद्यांचं संगीत दिलं. न्हाणीघरातल्या खुनाच्या प्रसंगाला हिचकॉकला संगीतच नको होतं, पण हर्मनने केलेलं ऐकल्यावर त्याने मत बदललं. तिथे पडद्यावर सुरा आहे. माझ्याकडे एक झोपाळा आहे, आणि त्याच्यावर किंकाळ्या लादल्या की झोपाळा ऐकू येत नाही.

किंकाळी अंगावर का येते ते मात्र यानिमित्ताने करून पाहिलं. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात दिसलं, की किंकाळीचा जोर सेकंदाला ३० ते १५० वेळा कमीजास्त होतो. साध्या बोलण्यात हा चढउतार कितीतरी संथ असतो. ही खरखर वाढेल तसा आवाज जास्त भीतीदायक वाटतो, आणि मेंदूतला अमिग्डला, म्हणजे धोका हेरणारा भाग, त्याला जोरात प्रतिसाद देतो. मी तंबोऱ्याच्या रेकॉर्डिंगला सेकंदाला ७० वेळा असं थरथरवलं. तंबोऱ्याचा गोडवा पार गेला, अंगावर काटा आला. पण त्यातून बघणाऱ्याला ‘आता काहीतरी होणार’ ही वर्दीही मिळते. म्हणून तो फक्त शेवटच्या चार सेकंदांत ठेवलाय.

आता झोपाळा. तुळईपासून पाटापर्यंत कड्या साधारण अडीच मीटर लांब, म्हणजे एक पूर्ण हेलकावा तीन सेकंदांहून थोडा जास्त. जाताना ‘कर्र’, येताना ‘कुईं’. झोका लहान होत जातो तसा आवाज बारीक होतो, पण दोन आवाजांमधलं अंतर जवळपास तेवढंच राहतं, कारण लंबकाचा नियम तसाच आहे. शाळेत हे शिकलेलं विसरलं तरी झोपाळ्यावर वाढलेला कान विसरत नाही.

तीन प्रकार करून पाहिले. पहिल्यात जसं रेकॉर्ड झालं तसंच ठेवलं, करकर हळूहळू विरते. कुणालाच काही वाटलं नाही. दुसऱ्यात आवाजांमधलं अंतर थोडं थोडं वाढवत नेलं. मला हे फार भारी वाटलं होतं, पण दोघांनी विचारलं, ‘आवाज अडकतोय का?’ कानाला घोटाळा कळला, पण त्याने तो घोटाळा माझ्या कामाच्या माथी मारला. तिसऱ्यात अंतर जसंच्या तसं ठेवलं आणि करकर कमीच होऊ दिली नाही. आवाजाबद्दल कुणीही तक्रार केली नाही. खोलीत मात्र बोलणं बंद झालं आणि एकीने पाय वर खुर्चीवर ओढून घेतले.

तेव्हापासून मी याच वाटेवर आहे. घरातल्या आवाजाचा एकच नियम मोडायचा, बाकी सगळं इमानदारीने ठेवायचं. कुणी झोका देत नसेल तर करकर विरलीच पाहिजे. ती विरत नाही.

करणाऱ्यांसाठी एक सूचना: एकच करकर फिरवून वापरू नका, तिसऱ्या फेरीला कान ती पकडतो. मित्राला झोपाळ्यावर बसवून वेगवेगळ्या चौदा करकरी घेतल्या, पायाने रेटा देतानाचं घासणं कापून टाकलं आणि मग त्या तालात मांडल्या.

गुणगुणण्याचंही जमलं. परसातून एक बाई गुणगुणत जवळ येते असा प्रसंग आहे. आधी मी माईकसमोर गाऊन घेतलं आणि आवाज हळूहळू वाढवला. रेडिओचं बटण फिरवल्यासारखं वाटलं. १९४९ च्या ‘महल’मधल्या ‘आएगा आनेवाला’च्या वेळी लतादीदी खोलीच्या कोपऱ्यातून गात गात माईककडे चालत आल्या होत्या. तसंच केलं. मित्राची बहीण विहिरीपासून गुणगुणत आली. लांब असताना भिंतींवरून परतलेला आवाज जास्त आणि तिचा स्वतःचा कमी, जवळ येताना हे प्रमाण उलटतं आणि श्वासही ऐकू येऊ लागतो. नुसत्या आवाज वाढवण्याने हे होत नाही.

परवा मित्राच्या आजीला हेडफोन लावून तिसरा प्रकार ऐकवला. आजींचं अख्खं आयुष्य त्या वाड्यात गेलंय. त्यांनी डोळे मिटून पूर्ण ऐकलं आणि म्हणाल्या, ‘अरे, पाय टेकल्याचा आवाज येईना. मग झोका देतंय कोण?’

मी कापून टाकलेलं घासणंच त्यांच्या कानाने शोधलं. दोन दिवस दुसरं काही सुचत नाहीये. आता ठरवलंय, की आठ मिनिटं पाय वाजवायचाच नाही, आणि झोपाळा चौकटीबाहेर गेल्यावर एकदाच, शहाबादी फरशीवर, वाजवायचा. शनिवारी वाईला जाऊन दोन्ही तऱ्हेने घेणार आहे, एकदा नुसता अनवाणी पाय आणि एकदा जोडवी घालून. आमच्या गोष्टीतल्या मुलीच्या पायात जोडवी नाहीत.