अंटार्क्टिकाला जनरेटर ऑपरेटर म्हणून कसा गेलो, माझा अनुभव

आयटीआय डिझेल मेकॅनिक करून मी 9 वर्षं सांगलीत जनरेटर रिपेरिंग करत होतो, तोपर्यंत मला वाटायचं अंटार्क्टिकाला फक्त शास्त्रज्ञच जातात. पण मैत्री 1989 पासून आणि भारती 2012 पासून, आपली दोन्ही स्टेशनं बारा महिने चालू असतात, मग जनरेटर चालवायला, वेल्डिंगला, स्वयंपाकाला माणूस लागणारच ना. भरती गोव्यातून होते, वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राकडून, जाहिरात त्यांच्या वेबसाईटवर येते, नोकरी कंत्राटी.

माझं घोडं पेंड खात होतं ते अनुभवाच्या दाखल्यापाशी. पहिल्या गॅरेजच्या मालकाने आज देतो उद्या देतो करत चार हेलपाटे घालायला लावले, इंटरव्ह्यूच्या आदल्या दिवशी सही मिळाली आणि तसाच रात्रीच्या गाडीने निघालो.

इंटरव्ह्यूत सर्टिफिकेटवर दोन मिनिटं, बाकी सगळं कामावर. "रात्री तू एकटा ड्युटीवर आहेस, बाहेर वादळ, चालू जनरेटर सेटचा आरपीएम, म्हणजे इंजिनचा वेग, वरखाली होतोय, काय करशील?" मी फिल्टर बघीन, डिझेल लाईनमधली एअर काढीन असं सांगायला लागलो तर साहेब म्हणाले, सगळ्यात आधी काय? तेव्हा ट्यूब पेटली, आधी दुसरा सेट सुरू करून लोड त्याच्यावर घ्यायचा, फॉल्ट नंतर शोधायचा. कारण तिथं लाईट गेली की हीटिंग जातं, पाण्याचे पाईप गोठतात.

मग दिल्लीला एम्समध्ये मेडिकल. माझी एक दाढ किडलेली निघाली, ती आधी नीट करून घ्यावी लागली, तेव्हा जरा धाकधूक झाली. पण बरोबरच आहे, हिवाळ्यात तिथं ना विमान येतं ना जहाज, जवळपास दोन महिने सूर्यच उगवत नाही, डॉक्टर असतो पण मोठं हॉस्पिटल कुठलं? जायचं असेल तर दात आत्ताच दाखवून घ्या खरंच. त्यानंतर उत्तराखंडात औलीला आयटीबीपीचं (भारत-तिबेट सीमा पोलिसांचं) ट्रेनिंग, बर्फात चालायचं कसं, दोरावर उतरायचं कसं, फटीत पडलेल्याला वर काढायचं कसं.

केपटाऊनहून विमान थेट बर्फावरच्या धावपट्टीवर उतरलं. मैत्रीवर जुन्या ऑपरेटरदादांनी चार्ज देताना लॉगबुक बाजूला ठेवलं आणि म्हणाले, आधी प्रत्येक सेटचा आवाज ऐक, झोपेत आवाज बदलला तरी जाग आली पाहिजे. पहिले पंधरा दिवस मी तेच केलं.