महिन्याला एक पेर

चार वर्षांमागं मे महिन्याच्या शेवटी जांबोटीच्या आमच्या घराची फुटकी कौलं बदलत होतो. रीप मोडली आणि मी खाली आलो. खानापूर तालुक्यातल्या माणसाला आमच्याकडच्या पावसाचं सांगायला नको, कौलं राहिली तर जूनमध्ये घरभर भांडी मांडून बसावं लागतं.

त्या एका पडण्यात दोन गोष्टी झाल्या. पाठीचा डी-१० (छातीमागचा दहावा) मणका चेपून आतल्या मज्जारज्जूला मार बसला. आणि कौलाच्या धारेनं डाव्या मनगटाच्या जरा वर करंगळीकडं जाणारी नस तुटली, डॉक्टर जिला अल्नर नर्व्ह म्हणतात. बेळगावात नस शिवली, मणक्याला स्क्रू-पट्ट्या घातल्या. आज करंगळी परत आलीय. पाय आले नाहीत. "मज्जारज्जू भरून येत नाही," एवढंच सगळे सांगत. का येत नाही, ते कुणी सांगेना.

माझा धंदा मोटार वाइंडिंगचा. त्यामुळं भेटायला येणारा प्रत्येकजण म्हणायचा, "तार जोडल्यासारखंच की ओ ते." अजिबात नाही. मोटारीची तुटलेली तार सोल्डर केली, वर स्लीव्ह चढवली की त्याच मिनिटाला करंट जातो. नस तुटली की तुटल्या जागेपासून पुढचा आख्खा धागा मरतो, आणि वरच्या बाजूनं नवा धागा जुन्या नळीतून वाढत यावा लागतो. शिवणं म्हणजे फक्त नळीची दोन तोंडं समोरासमोर आणणं. वाढीचा वेग दिवसाला साधारण १ मिलिमीटर.

माझी पुतणी बेळगावात बायोकेमिस्ट्रीत एमएस्सी करते. दर महिन्याला घरी आली की ती माझ्या मनगटापासून तळहाताकडं हलक्या टिचक्या मारत जायची. नवा धागा जिथवर पोचलाय तिथं टिचकी बसली की करंगळीत झिणझिणी उठते. तिथं बॉलपेननं रेघ, कंपासमधली पट्टी लावून मोजमाप, वहीत आकडा. महिन्याला साधारण एक पेर. सातव्या महिन्यात चहाच्या कपाचा चटका करंगळीच्या टोकाला बसला आणि मी कप तसाच धरून ठेवला. बायको ओरडली, "भाजंल की ओ!"

पायाला टिचक्या मारण्यात अर्थ नव्हता. ते का, हे पुतणीनंच समजावलं, आणि तिच्या प्रत्येक वाक्यात प्रोटीन होतं. ते आत्तीनं ऐकलं आणि दुसऱ्या दिवसापासून मला हुलग्याचं माडगं सुरू झालं. खाल्लेलं प्रथिन पोटात मोडून त्याचे सुटे भाग होतात, ते जसंच्या तसं नसेत जात नाही, हे आत्तीला पटवायला मी गेलो नाही. तसंही पाठीला पडलेली दाब-जखम भरायला प्रथिनं लागतातच. माडगं वाया गेलं नाही.

तर हातातलं काम असं चालतं. धागा तुटल्याची बातमी त्याच्या मुळाशी, पार मानेपर्यंत जावी लागते. काही प्रथिनांवर फॉस्फेटचा शिक्का बसतो आणि डायनिन नावाचं वाहतुकीचं प्रथिन त्यांना ओढत पेशीच्या केंद्रकाकडं नेतं. तिथं सी-जून, एटीएफ-३ ही प्रथिनं जागी होतात, आणि वाढीसाठी लागणारा माल, त्यातलाच एक जीएपी-४३, तयार व्हायला लागतो. इकडं हातात श्वान पेशी (कुत्र्याशी संबंध नाही, थिओडोर श्वान नावाच्या जर्मन शास्त्रज्ञावरून नाव) जुना कचरा साफ करतात आणि नव्या धाग्याला वाट करून देतात.

मज्जारज्जूच्या आत श्वान पेशींचं राज्य संपतं. तिथलं धाग्यांवरचं वेष्टण दुसऱ्याच पेशी करतात आणि त्या वेष्टणात नोगो-ए नावाचं प्रथिन असतं. वाढत्या टोकाला ते भिडलं की आत ऱ्होए नावाचा खटका दाबला जातो आणि टोक आवळून बसतं. शिवाय जखमेभोवती जो व्रण धरतो त्यात साखरेच्या लांब साखळ्या चिकटलेली प्रथिनं साठतात, तीही वाट अडवतात. आणि मेंदूतून खाली येणाऱ्या लांब धाग्यांच्या पेशी तुटल्याची बातमी म्हणावी तशी मनावरच घेत नाहीत. मज्जारज्जूतून नस बाहेर पडते तिथं जेमतेम मिलिमीटरभरात हा सगळा कायदा बदलतो. आम्हा सीमाभागातल्या लोकांना हे कळायला जड नाही. शिवार तेच, माणूस तोच, नाक्यापलीकडं कागद वेगळा.

१९८१ साली मॉन्ट्रिअलमध्ये आल्बर्ट आग्वायो आणि सॅम्युएल डेव्हिड यांनी उंदरांच्या पायातल्या नसेचा तुकडा पूल म्हणून मज्जारज्जूला जोडला. जे धागे वाढत नाहीत म्हणत, ते त्या पुलातून ३ सेंटिमीटरपर्यंत वाढले. पूल संपून पुन्हा मज्जारज्जूत शिरले आणि थोड्याच अंतरावर थांबले. हे ऐकून मी रात्रभर झोपलो नाही. म्हणजे धाग्यात दम होता की!

माझा फिजिओ गोकाककडचा. पाय वाकवताना "नोवु ऐतेनु?" विचारायचा, दुखतंय का म्हणून. त्याला मी नोगोचा अर्थ सांगितला, "पुढं जाऊ नको." तो पाय हातात धरूनच हसायला लागला, "अंद्रे होगबेड!" कानडीत, म्हणजे जाऊ नको. तेव्हापासून आमच्या घरात त्या प्रथिनाचं नाव होगबेड. झुरिचच्या मार्टिन श्वाब यांनी १९८८ मध्ये वेष्टणातल्या या अडवणाऱ्या प्रथिनांना प्रतिपिंडानं गप्प बसवता येतं हे दाखवलं. उंदरांत चांगलं दिसलं. माणसांवर युरोपात चाचणी झाली, मानेच्या ताज्या दुखापतींवर, आणि सरासरीत ठळक फरक आला नाही. ज्यांची दुखापत अर्धवट होती अशा काहींत थोडी आशा दिसली. माझी दुखापत ना मानेची, ना ताजी.

एक मात्र सगळ्यांना सांगून दमलो. माझे पाय उडतात. चादर ओढताना, गार वारा लागला की, कधी काहीच कारण नसताना. पाहुणे लगेच टाळी वाजवतात, "हलला, हलला! देव पावला!" आईनं तर एकदा नारळ फोडला. ती सुधारणा नव्हे. मज्जारज्जूत केसीसी-२ नावाचं प्रथिन असतं, पेशीतलं क्लोराइड बाहेर काढणारा पंपच म्हणा. मेंदूकडून खाली येणारा हुकूम तुटला की पेशीवरचे हे पंप कमी होतात, क्लोराइड आत साचतं, आणि "थांब" म्हणून येणारा निरोप नीट लागू पडत नाही. मग पाय उडतो. फ्रान्समधल्या संशोधकांनी २०१० मध्ये उंदरांत हे दाखवलं. नंतर असंही दिसलं की उंदरांचे पाय व्यायामात फिरवत ठेवले तर हे प्रथिन पुन्हा वाढतं. म्हणून मी पाय उडणं कमी करणाऱ्या बॅक्लोफेनच्या गोळीबरोबर रोज सकाळी पाऊण तास पाय फिरवून घेतो. फिजिओ नसेल तेव्हा पुतण्या फिरवतो, मोबाइल बघत, वाकडेतिकडे.

एका मोठ्या शहरातल्या दवाखान्यानं मूळ पेशींच्या (स्टेम सेल) सुया देतो म्हणून काही लाख सांगितले होते. मी फोनवर विचारलं, त्या पेशी होगबेडचं काय करणार? पलीकडच्या पोरीला अर्थातच कळलं नाही. परत फोन आला नाही.

गेल्या आठवड्यात शेजारच्या शेतकऱ्याची ३ एचपीची मोटार आली होती. टेबल खाली उतरवून घेतलंय, खुर्चीवर बसून वाइंडिंग होतं. स्लॉटमध्ये कॉइल बसवताना डाव्या हाताची करंगळी तार दाबून धरते, फक्त थंडीत अजून जरा बधिर होते, तेव्हा तार निसटली तर डोळ्यांनी बघावं लागतं. वार्निश सुकत ठेवलं आणि टेबलाखाली उजवा पाय उडून स्क्रू ड्रायव्हरचा डबा सांडला. पुतण्या गोळा करत होता, अर्धे स्क्रू अजून कपाटाखाली असतील.