आमची वाटचाल : मशीनच्या तासाचा हिशेब

‘मोठं गिऱ्हाईक हातचं घालवलं’ असं आमच्या फर्मबद्दल आजही बोललं जातं. घालवलं नाही, सोडलं. आकडेमोड इथे मांडतो, ज्याला पडताळायची त्याने पडताळावी.

आमच्याकडे यंत्रांचे सुटे भाग बनतात आणि काम अडतं ते एकाच जागी, व्हीएमसीवर, म्हणजे धातू कापून आकार देणाऱ्या संगणकी मशीनवर. लेथ रिकामे मिळतात, व्हीएमसीपुढे रांग असते. दोन पाळ्या, २५ दिवस, म्हणजे महिन्याला ४०० तास. त्यांतले २४० त्या एकाच गिऱ्हाइकाचे. पीसची किंमत १०० धरा. माल ६२, इन्सर्ट-कूलंट (कापणारी पाती आणि थंड ठेवणारं द्रव) ६, उरले ३२. सायकल, म्हणजे एका पीसला मशीनवर लागणारा वेळ, २४ मिनिटांची, म्हणजे मशीनच्या तासाला ८०.

आता पंपवाल्यांचं काम बघा. सुरुवातीपासून महिन्याला ४० व्हॉल्व्ह बॉडी, ना एक कमी ना एक जास्त, आणि पैसे पंधराव्या दिवशी. इथेही पीसची किंमत तेवढीच, १०० धरा. माल ३५, टूलिंग १०, उरले ५५. सायकल ३० मिनिटं, आणि ४ तासांचं सेटिंग (नव्या कामासाठी मशीन तयार करणं) ४० पीसवर वाटलं की प्रत्येकी आणखी ६. म्हणजे ३६ मिनिटांत ५५, तासाला जवळजवळ ९२. ज्याला सगळे किरकोळ काम म्हणत होते, ते तासाला जास्त देत होतं. जॉब रजिस्टरात ‘तास’ हा रकाना जुन्या भागीदाराने पहिल्या दिवसापासून ठेवला होता, म्हणून हे दिसलं. त्या रकान्याची पुष्कळ चेष्टा झाली होती.

मग प्रतिस्पर्ध्याने मोठ्या गिऱ्हाइकाला १२ टक्के कमी दर दिला. ‘तुम्हीही द्या, उलाढाल तरी राहील,’ हा सल्ला फुकट आणि भरपूर मिळाला. पण दर १२ ने उतरला की ३२ चे २० होतात आणि तासाचे ८० चे ५०. दरात १२ टक्के, कमाईत साडेसदतीस! शिवाय उधारी ९० दिवसांवरून १२० हवी होती. माल देणारा ३० दिवसांत पैसे मागतो, म्हणजे तीन महिन्यांचा माल आपल्या पैशाने त्याच्या घरात पडून.

रिकाम्या तासाला मात्र शून्यच मिळतं, तेव्हा ५० देखील बरे, हा मुद्दा खरा आहे. इतर चौकश्या मशीन मोकळं नाही म्हणून परत जात होत्या, यावर आम्ही विसंबलो. चुकलो ते वेगात. २४० तास एकदम सोडले. तिमाहीला ८० तास असे सोडायला हवे होते. चौकशीपासून मंजूर नमुन्यापर्यंत आणि तिथून नियमित ऑर्डरपर्यंत महिने जातात, हे कोणत्याच कागदावर नव्हतं.

फर्म बुडायची वेळ आली ती इथे, आणि आली तीही फसवत. काम सोडल्यावर पहिले तीन महिने बँकेतली शिल्लक वाढली. जुनी बिलं जमा होत होती आणि नवा माल घेणं थांबलं होतं. चौथ्या महिन्यात जुनी बिलं संपली. पगार, हप्ता, वीज तेवढीच राहिली. नफा-तोटा पत्रकात हा खड्डा वेळेवर दिसत नाही. त्यासाठी १३ आठवड्यांचा रोख तक्ता लागतो : प्रत्येक आठवड्याची सुरुवातीची शिल्लक, येणं, देणं, उरलेली शिल्लक. येणं बिलावरच्या तारखेला लिहू नका, ते गिऱ्हाईक मागच्या तीन बिलांना खरोखर किती दिवसांनी पैसे देत आलं ते बघून लिहा. आणि शेवटच्या आकड्यापेक्षा सगळ्यांत खालचा आठवडा कोणता ते शोधा. बँकेशी बोलायचं तर तो आठवडा यायच्या आधी.

बाकी सावरलं सेटिंगने. जपानी इंजिनिअर शिगेओ शिंगोंनी १९६९ साली टोयोटातल्या १००० टनी प्रेसचं चार तासांचं सेटिंग आधी दीड तासावर आणि मग तीन मिनिटांवर आणलं. आमचं गणित साधंच होतं. सेटिंगचा व्हिडिओ घेतला आणि मशीन थांबवूनच करावं लागणारं काम आणि मशीन चालू असताना होणारं काम वेगळं लिहिलं. टूलची लांबी बाहेर मोजून ऑफसेट, म्हणजे मशीनला द्यायचे लांबीचे आकडे, तयार ठेवले, पीस पकडणाऱ्या सॉफ्ट जॉवर पार्ट नंबर कोरले, पीस बसवायच्या फिक्स्चरला डॉवेल पिनांनी जागा पक्की केली. सगळ्यांत जास्त वेळ खात होती ती पहिल्या पीसची तपासणी, कारण तपासनीस लेथवर गुंतलेला आणि व्हीएमसी उभं. सेटिंग संपायच्या १० मिनिटं आधी त्याला बोलवायचं ठरलं. चार तासांचे ७० मिनिटं झाले. पंपवाल्यांचं तेच काम तासाला १०४ वर गेलं, दर न वाढवता.

मशीनच्या तासाची कमाई बघून काम निवडायचं, हे धोरण पहिल्यांदा कागदावर आलं तेव्हा त्यात ११ उद्दिष्टं होती आणि एकाही उद्दिष्टाला धनी नव्हता. आढावा महिनाअखेरीला, म्हणजे चूक कळेपर्यंत ती चार आठवडे जुनी. आता तिमाहीला तीनच. प्रत्येकापुढे एक नाव, एक आकडा, एक तारीख. सोमवारी २० मिनिटं उभ्यानेच बैठक. आकडाही असा निवडावा की ज्यावर त्याच आठवड्यात हात फिरवता येईल. ‘विक्री वाढवा’ यावर सोमवारी काहीच करता येत नाही. ‘४८ तासांत गेलेली कोटेशन किती’ यावर येतं. शिवाय ‘करायचं नाही’ अशी यादी त्याच पानावर : एका गिऱ्हाइकाला १०० तासांहून जास्त नाही, ६० दिवसांपुढे उधारी नाही.

तरी वर्षभर घोडं अडलं. विक्री बघणाऱ्याचं इन्सेंटिव्ह उलाढालीवर होतं, त्यामुळे तो इमानेइतबारे जास्त मालखर्चाची, कमी कमाईची कामं आणत राहिला. त्याला बोल लावण्यात अर्थ नव्हता. इन्सेंटिव्ह मशीनच्या तासामागे उरणाऱ्या रकमेला आणि पैसे जमा होण्याला जोडलं, तेव्हा चौकश्यांचा पोत बदलला. धोरण बदलताना पगाराचा तक्ता आधी उघडा. आम्ही तो शेवटी उघडला.

गेल्या तिमाहीत त्या मोठ्या गिऱ्हाइकाची चौकशी पुन्हा आली. कोटेशन ४८ तासांत गेलं : १०० तासांपुरतं, तासाला ९२ उरतील अशा दराने, उधारी ४५ दिवस. उत्तर अजून आलेलं नाही.