सर्व्हरचा राऊटर केला आणि मग हात शिवशिवले

जुना सर्व्हर नुसता पडून होता, चार पोर्टचं नेटवर्क कार्ड त्यात आधीपासूनच होतं, आणि नेटवाल्यांनी दिलेला पांढरा डबा आठवड्यातून एकदा तरी मान टाकायचा, म्हणून एका सुट्टीच्या दिवशी ठरवलं की बास, लिनक्स टाकू आणि यालाच राऊटर करू.

हे काम इतकं सोपं आहे की काहीतरी राहून गेलंय असं वाटत राहतं (राहिलंच होतं, पुढे येईल). कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, आयपी फॉरवर्ड नावाची सेटिंग असते, मुळात ० असते, ती १ केली की एका कार्डावर आलेलं पॅकेट (नेटवरच्या डेटाचा एक तुकडा) मशीन दुसऱ्या कार्डावरून पुढे ढकलायला लागतं, झाला राऊटर. वर एनएफटेबल्समध्ये, म्हणजे लिनक्सच्या फायरवॉलमध्ये, मास्करेडची एक ओळ, म्हणजे घरातली सगळी डिव्हाइसेस एकाच पब्लिक पत्त्यामागून बाहेर पडतात, आणि डीएचसीपी (डिव्हाइसेसना पत्ते वाटणं) आणि डीएनएस (साइटच्या नावावरून पत्ता शोधणं) यांसाठी डीएनएसमास्क नावाचा छोटा प्रोग्राम. तासाभरात सगळ्यांचे फोन चालू.

आयपीव्ही६ने, म्हणजे इंटरनेट पत्त्यांच्या नव्या पद्धतीने, मात्र अख्खी दुपार खाल्ली. फॉरवर्डिंग चालू केलं की लिनक्स स्वतःलाच राऊटर समजायला लागतो आणि समोरच्या राऊटरच्या जाहिराती, म्हणजे राऊटर ॲडव्हर्टाइजमेंट, ऐकणं बंद करतो, त्यामुळे बाहेरचा डीफॉल्ट रूट, म्हणजे बाहेर जायचा रस्ताच, गायब. ॲक्सेप्ट आरए (या जाहिराती ऐकायच्या की नाही) ही सेटिंग २ करावी लागते. १ नाही, २. कोणाला सुचणारे हे.

स्पीड पुरेल का, हे सगळे पहिलं विचारतात. गिगाबिट लिंकवर सगळी पॅकेट्स सगळ्यात छोटी, ६४ बाइटची आली तर सेकंदाला साधारण १४ लाख ८८ हजार होतात, पण डाउनलोडमध्ये ती १५०० बाइटची असतात, मग आकडा ८१ हजारांवर येतो, आणि तेवढ्यात माझा सीपीयू जांभया देत असतो. तसंही ही काही नवी आयडिया नाही, १९८६ मध्ये एनएसएफनेट या अमेरिकेतल्या सुरुवातीच्या नेटवर्कचा बॅकबोन, म्हणजे मुख्य कणा, ५६ केबीपीएसच्या लाइनवर चालू झाला तेव्हा त्याचे राऊटर म्हणजे एलएसआय-११ हे साधे मिनीकॉम्प्युटरच होते, त्यावर डेव्हिड मिल्स यांचं फझबॉल नावाचं सॉफ्टवेअर.

खरी भानगड अशी की हा राऊटर सगळंच करू शकतो, आणि ते दिसत असताना माणसाचे हात शिवशिवतात. एवढी रॅम रिकामी बघून मी त्यावर कंटेनर, म्हणजे एकमेकांपासून वेगळे ठेवलेले प्रोग्राम, चालवायचं सॉफ्टवेअर टाकलं. काही आठवडे मस्त चाललं. मग कर्नल अपडेटसाठी पहिल्यांदाच रीबूट केला आणि घरातलं नेट गेलं, पण गंमत म्हणजे सर्व्हरवरून सगळं उघडत होतं, लॅपटॉपवरून सर्व्हरला पिंग जात होता, साइटच्या नावांवरून पत्तेसुद्धा मिळत होते, फक्त एकही पान उघडत नव्हतं. पहिली शंका फॉरवर्डची, बघितलं तर १. मग केबल बदलल्या, मास्करेडची ओळ चार वेळा वाचली, बाहेरून "झालं का" चालू होतंच. शेवटी दोन्ही कार्डांवर टीसीपीडम्प, म्हणजे येणारी-जाणारी पॅकेट्स दाखवणारा प्रोग्राम, लावला: आतल्या कार्डावर पॅकेट येतंय, बाहेरच्यावर काहीच नाही. म्हणजे मध्येच कोणीतरी गिळतंय. आयपीटेबल्सच्या (फायरवॉलची जुनी कमांड) नियमांची यादी काढली तर फॉरवर्डसमोर पॉलिसी ड्रॉप, म्हणजे पुढे जाणारं पॅकेट टाकून द्या, आणि टाकलेल्या पॅकेट्सचा आकडा दर वेळी वाढलेला.

चूक माझीच. फॉरवर्ड १ केलं होतं ते नुसतं कमांडने, फाइलमध्ये लिहिलंच नव्हतं, त्यामुळे रीबूटनंतर ते परत ०. कंटेनरवाल्या सॉफ्टवेअरला स्वतःसाठी फॉरवर्डिंग लागतं, त्याने ते १ केलं, आणि मशीन उघडं पडू नये म्हणून फॉरवर्डची पॉलिसी ड्रॉप केली, जे खरं तर शहाणपणाचंच आहे. मी ते १ बघून आपलंच समजलो! माझ्या एनएफटेबल्सच्या नियमात ॲक्सेप्ट होतं, पण तिथे एका टेबलमधला ॲक्सेप्ट शेवटचा शब्द नसतो, दुसऱ्या टेबलमधला ड्रॉप असतो. हे मी आधी वाचलेलं होतं, कळलं त्या रात्री.

आता सेटिंग फाइलमध्ये आहे आणि कंटेनर दुसऱ्या मशीनवर गेलेत. रीबूट अजून रात्रीच करतो, कारण हा सर्व्हर उठताना मेमरी तपासत चार मिनिटं घेतो. पांढरा डबा टाकलेला नाही, कपाटात आहे, त्यावर चिठ्ठी चिकटवली आहे की कुठली केबल काढून कुठे लावायची, म्हणजे मी घरी नसलो तर फोन येणार नाही.