तुम्ही विचारलंत म्हणून: मागे पडलेली माणसं बुद्धीनं कमी होती का?

१४९२ मध्ये युरोप आणि अमेरिका ही दोन जगं समोरासमोर आली. एकाकडे लोखंडी हत्यारं, घोडे, तोफा होत्या. दुसऱ्याकडे यातलं काहीच नव्हतं. मग अमेरिका खंडातली माणसं बुद्धीनं कमी पडली का, असं मला नेहमी विचारतात. नाही, अजिबात नाही. खरा फरक बघायचा तर आधी गव्हाची ओंबी आणि मक्याचं कणीस जवळून बघावं लागतं.

रानगव्हाची ओंबी पिकली की सांध्यासांध्यातून तुटते आणि दाणे जमिनीवर पडतात. क्वचित एखाद्या झाडात जनुकातल्या छोट्याशा बदलामुळे हे सांधे घट्ट राहतात. पिकलेलं शेत विळ्यानं कापलं की अशाच ओंब्या जास्त हाती लागतात, त्यांचंच बी पुढच्या वर्षी पेरलं जातं आणि हळूहळू न गळणारा गहू तयार होतो. पश्चिम आशियात याला हजाराहून अधिक वर्षं लागली. दाणे गळतील म्हणून पीक हिरवट असतानाच कापलं, तर दोन्ही प्रकारचं बी सारखंच घरी येतं आणि निवड होतच नाही. तरीही गहू त्या मानानं सोपा. त्याचा रानातला दाणाही खाण्याजोगा असतो. १९६० च्या दशकात जॅक हार्लन या अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञानं तुर्कस्तानात गारगोटीच्या विळ्यानं रानगहू कापून पाहिला, तेव्हा तासाला साधारण किलोभर साफ धान्य निघालं. शिवाय गव्हाचं परागीकरण बहुतेक वेळा त्याच फुलात होतं, त्यामुळे मिळालेला चांगला गुण शेजारच्या रानगव्हात मिसळून सहसा हरवत नाही.

मक्याचा पूर्वज टिओसिंटे नावाचं रानगवत. त्याच्या कणसाला पाच ते बारा दाणे, प्रत्येक दाणा दगडासारख्या कवचात, आणि पिकले की तेही गळून पडतात. पराग वाऱ्यावर जातो, त्यामुळे निवडून आणलेला गुण रानातल्या झाडांत पुन्हा मिसळतो. दक्षिण मेक्सिकोत सुमारे ९,००० वर्षांपूर्वी हे काम सुरू झालं. तिथल्याच ओआहाका प्रांतातल्या एका गुहेत सापडलेली ६,००० वर्षांहून जुनी कणसं जेमतेम बोटाएवढी आहेत. शेतीच्या इतिहासातलं हे सर्वांत अवघड काम असं मी मानतो, आणि ते ज्यांनी केलं त्यांच्याच बुद्धीबद्दल शंका घेतली जाते याचं वाईट वाटतं.

पुढची अडचण दिवसाच्या लांबीची. गहू पूर्व-पश्चिम पसरला तेव्हा ऋतू फारसे बदलत नव्हते. मक्याला मात्र उत्तरेकडे जायचं होतं. मूळचा मका दिवस लहान झाल्यावर तुरा काढतो. उत्तरेत उन्हाळ्याचा दिवस चौदा-पंधरा तासांचा, म्हणून तुरा लांबतो, नुसती धाटं वाढत राहतात आणि दाणे भरण्याआधीच गोठवणारी थंडी येते. लवकर तुरा काढणारी झाडं पिढ्यान्‌पिढ्या निवडत गेल्यावरच ते जमलं.

जनावरांचं गणित लवकर सांगता येतं. अमेरिकेतले घोडे सुमारे १०,००० वर्षांपूर्वीच नामशेष झाले होते. दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातला लामा हा प्राणी २५-३० किलो ओझं वाहतो, पण त्याला नांगराला जुंपत नाहीत. मेक्सिकोत चाकांची खेळणी सापडली आहेत, म्हणजे चाक माहीत होतं. गाडी ओढायला जनावर नव्हतं. आणि पाळीव जनावरांच्या कळपांत न राहिलेल्या लोकांना देवीसारख्या साथींची सवय नव्हती, त्याची किंमत त्यांनी १५१८ पासून मोजली.

पण सगळं भूगोलावर टाकू नका. उत्तर अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीकाठी मका मुख्य पीक झाला तो इ. स. ९०० च्या सुमारास, आणि १०५० च्या आसपास तिथं काहोकिया हे मोठं नगर उभं राहिलं. त्यातला सर्वांत मोठा मातीचा चौथरा सुमारे ३० मीटर उंच आहे. १३५० पर्यंत ते नगर ओस पडलं होतं. जमीन तीच, नदी तीच, मकाही तोच. ते का ओस पडलं, याचं कारण नुसत्या मातीत आणि अक्षांशात शोधून सापडणार नाही. तिथं राज्य कोण करत होतं, कुणाशी भांडण होतं, लोक कशाला कंटाळले, हे विचारावं लागतं.